सोनजांबची सात जोती

सोनजांबच्या वेशीतून आत आलात की एक गोष्ट नजरेत भरते. प्रत्येक घराच्या दाराशेजारी, उजव्या हाताला, कमरेच्या उंचीवर भिंतीतला एक दगड नाही. कुणी त्या खळग्यात पणती ठेवते, कुणी तंबाखूची डबी. आमच्या खळग्यात चिमणी राहते आणि भाडे देत नाही. गेल्या साली मास्तरांनी सिमेंटचे नवे घर बांधले, त्यांनीही तिथली एक वीट लावू दिली नाही. पाहुणे विचारतात, गवंडी विसरला का? विसरला नाही. आठवण राहावी म्हणूनच तसे केले आहे.

आणि तुम्ही मघाशी आमच्या शेजारच्या त्या बुटक्या घराची किंमत विचारलीत. त्याला किंमत नाही. का नाही, ते सांगतो; या कट्ट्यावर बसा. हा कट्टा म्हणजेही एका घराचे जोतेच आहे. गावात अशी सात जोती होती.

फार जुनी गोष्ट आहे. तेव्हा गावाभोवती उंच गावकूस होते, पण वेस नव्हती, नुसते खिंडार होते. वेस बांधायला लिंबाजी नावाचा गवंडी आणि त्याची बायको भिवरा आली. असे सांगतात की लिंबाजी दगड घडवायचा आणि भिवरा तो बसवायची, आणि तिने बसवलेल्या दोन दगडांत सुई जात नसे. तीन वर्षे दोघे वेशीबाहेर पाल ठोकून राहिले. कमानीचा शेवटचा दगड चढवताना परांची मोडली आणि लिंबाजी दगडाखाली गेला. भिवरेने कुंकू पुसले आणि तो दगड स्वतः बसवला, म्हणे. वेस पुरी झाली.

गाव हळहळले. सुभानजी पाटील भला माणूस होता. त्याने चावडीवर सांगितले, "बाई, आता पालात ऱ्हायचं न्हाई. गावात जागा देतो. घर बांध." सगळ्यांनी माना डोलावल्या. माना डोलावण्यात आमचे गाव पहिल्यापासून पुढे आहे.

भिवरेला घराची घाई होती. तिची एकुलती लेक, मैना, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. माहेरी आली खरी, पण माहेर म्हणजे चार काठ्यांवरचे फाटके कापड. घराचा उंबरा असा भिवरेने जन्मात ओलांडला होता तो दुसऱ्यांचाच. लेकीचे बाळंतपण तरी आपल्या भिंतीआड व्हावे, एवढीच तिची इच्छा होती.

पाटलाने वेशीपासून वीस पावलांवरची जागा दिली. भिवरेने खाणीतून दगड आणले आणि आठ दिवसांत जोते उभे केले. नवव्या दिवशी शेजारचा हैबती गाडीवान आला. म्हणाला, "घर व्हायलाच पायजे. पर हितं न्हाई. माझी गाडी वळायची न्हाई." खरेच होते ते. पाटील म्हणाला, "बाई, जरा पलीकडं सरक."

ती सरकली. दुसरे जोते झाले, तर खळ्यावर वारा अडतो म्हणाले. तिसऱ्याच्या वेळी गुरव आला, की पालखीची वाट आवळते. पुढे कुणाच्या परसातली केळ सावलीत जात होती, कुणाची म्हैस नवीन भिंत पाहून दूध चोरत होती. एकही माणूस तिला घर नको असे म्हणाला नाही. प्रत्येकाचे म्हणणे एकच, घर हवे, पर हितं नको. त्या साली सोनजांबात या 'पर'चे पीक फार जोमात आले होते. अशी सात जोती झाली. सातव्याला मैनेचे दिवस भरले आणि भिवरेच्या हातांत बळ उरले नाही.

फाल्गुनातली भर दुपार होती. आभाळ आले आणि लिंबाएवढ्या गारा पडल्या. पाल फाटून गेले. भिवरेने लेकीला धरून वेशीत आणले, कारण डोक्यावर दगड असलेली तेवढीच एक जागा तिच्या माणसाने बांधलेली होती. तिथेच, बापाच्या कमानीखाली, मैना मोकळी झाली. मुलगी झाली.

गावची सुईण कोंडाई धावत आली होती. तिने नाळ कापली, वेशीच्या दोन्ही तोंडांना लुगडी बांधली आणि जमलेल्या गावाला सांगितले, "धा दिस हितनं कुणी जायचं न्हाई की यायचं न्हाई. बाळंतिणीची खोली कुणी वलांडतं का?"

गावाला एकच वेस होती. विहीर बाहेर, शेते बाहेर, गुरांचे रान बाहेर. पहिल्या दिवशी लोक हसले. दुसऱ्या दिवशी गावकुसाला शिडी लावली आणि पाटील स्वतः घागर घेऊन उतरला. म्हैस काही शिडीवरून उतरेना. तिसऱ्या दिवशी गुरे हंबरू लागली आणि सगळे कोंडाईच्या पाया पडले, की बाळंतिणीला दुसरीकडे हलव.

कोंडाई म्हणाली, "हलवते की. कुठं हलवू?"

तेव्हा लुगड्याआडून भिवरा बोलली. आयुष्यात ती पहिल्यांदाच गावापुढे बोलली असावी. "परवा पाचवी हाय. सटवाई लेकराचं नशीब लिव्हायला येनार. तिला उंबरा घावला न्हाई तर ती माझ्यावानी पालच लिव्हंल. माझ्या कपाळी लिव्हलं, लेकीच्या लिव्हलं. ह्या पोरीच्या तरी नगं."

पाटलाच्या डोळ्यांत पाणी आले. घर बांधू म्हणाला. पण दगड कुठून आणणार? खाण वेशीबाहेर, आणि दगडाची गाडी शिडीवरून येत नाही. जोत्यांत होता तो ओबडधोबड; भिंतीजोगा घडीव दगड गावात होता तो फक्त घरांच्या भिंतींत.

कोंडाई उठली, वेशीलगतच्या आपल्या घरी गेली आणि पहारीने दाराशेजारचा दगड उचकटू लागली. भिवरा ओरडली, "मावशे, त्यो नगं! घर बसंल!" भिवरा बाहेर आली, हातोडीने भिंत ठोकत गेली, कान लावून ऐकत गेली, आणि उजव्या हाताच्या एका दगडावर थांबली. तो काढला. भिंतीला काही झाले नाही.

मग त्या दिवशी भिवरा घरोघर गेली. ज्या दारांनी तिला पुन्हा पुन्हा सरकवले होते, त्या प्रत्येक दाराशी ती उभी राहिली, भिंत ठोकली आणि कुणाचेही घर न दुखवता एकेक दगड काढून घेतला. मला विचाराल तर या गोष्टीतला चमत्कार हाच. तिला एक चुकीचा दगड काढणे काय अवघड होते?

शेवटी ती हैबतीच्या दाराशी आली. बाळंतिणीला जास्त चालवता येणार नव्हते, म्हणून घर वेशीजवळच्या पहिल्या जोत्यावरच व्हायचे होते. भिवरा म्हणाली, "दादा, दगड काढते. पर तुमची गाडी वळायची न्हाई."

हैबतीने एकदा बैलांकडे पाहिले. मग म्हणाला, "मागं घिऊन काढू."

पाचवीच्या सांजेला घर उभे राहिले, मैना बाळासह आत गेली आणि वेस मोकळी झाली. पाटील ज्या शिडीवरून उतरला तीच आढ्याला लागली, असे सांगतात. सटवाईने काय लिहिले ते कुणी पाहिले नाही, पण ती मुलगी म्हातारी होऊन याच गावात गेली. पुढे गावाने खळगे बुजवायला भिवरेला बोलावले, तर ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. कुणाच्या घराला नगं म्हनायच्या आदी तिथं हात घालून बघा."

तेव्हापासून रीत पडली. गावात घर बांधणारा दाराशेजारच्या त्या जागेचा एक दगड बाजूला काढतो आणि तो जोत्याच्या घरांना जातो. ती घरे कुणाच्या नावावर नाहीत. ती विकली जात नाहीत, गहाण पडत नाहीत. ज्याला छप्पर नाही त्याने गरज असेल तोवर राहावे, जाताना सारवून जावे. सातांपैकी पाच जोत्यांवर घरे झाली. दोन रिकामी आहेत. ज्यावर तुम्ही बसलात ते एक.

आणि हैबती गाडीवान आमचाच पूर्वज. लाज वाटते म्हणून लपवत नाही. त्याचे म्हणणे अगदी बरोबर होते. गाडी खरेच वळत नाही. बैलगाडी गेली, ट्रॅक्टर आला, तरी सात पिढ्या आम्ही दारातून मागे घेतच बाहेर काढतो. माझ्या उशाशी जी भिंत आहे तीच भिवरेच्या त्या बुटक्या घराचीही आहे. सध्या तिथे शेवंता राहते, शाळेत खिचडी शिजवते. तिची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आहे. रात्री कूस बदलते ते मला ऐकू येते, आणि मला बरे वाटते.

चला, ऊन उतरले. तुमची मोटारही इथे वळायची नाही. काचा खाली करा आणि सावकाश मागे घ्या. शेवंता बाहेर आलीच बघा. आजही आमच्या दारातून गाडी निघाली की त्या घरातले माणूस उंबऱ्यात येऊन उभे राहते आणि हात करून सांगते, "येऊ द्या, येऊ द्या मागं. लई जागा हाय."