खरंबोल्या

"…मग देवाने अवतार घेतलेले चालतात, आणि माणसाने चार प्रोफाइल उघडली की तो ढोंगी?"

निखिलेश गावंडेने प्रश्न टाकला आणि मांडी घालून ऐसपैस बसला.

पूर्णेच्या काठावरच्या त्या लहानशा महानुभाव आश्रमात दुपारी दुसरं कोणी नव्हतं. सुभद्राअक्का ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत होत्या. तरुणपणीच संन्यास घेतलेल्या, आता पाठीत वाकलेल्या.

"तुला ढोंगी कोण म्हणालं?" अक्कांनी विचारलं.

निखिलेश गडबडला. तसं कोणीच म्हणालं नव्हतं.

त्याने लॅपटॉप उघडून त्यांच्यापुढे धरला. पुण्यात तो लोकांचे व्हिडिओ गाजवून देण्याचं काम करायचा, आणि त्या कामाचा त्याला अभिमान होता.

"बघा अक्का. ब्राउझर एकच, प्रोफाइल चार. हे कंपनीचं, हे गिऱ्हाइकांचं, हे घरचं, म्हणजे माझ्या नावाचं. सगळी एकाच वेळी चालू असतात, पण ह्याचं त्याला कळत नाही. कमळाच्या पानाला पाणी चिकटतं का? तसा मी चारही ठिकाणी असतो, आणि कुठेच नसतो."

"चौथं कोणाचं?"

"ते असंच… टोपणनावाचं."

"काय नाव?"

"खरंबोल्या."

अक्कांचे हात थांबले. "खरं बोलायला वेगळं नाव लागतं?"

निखिलेश हसला. हसू टिकलं नाही.

"वाद घालायला कोणी पुण्याहून इथवर येत नाही, बापू. काहून आलास?"

…

मग ते बाहेर आलं.

पलीकडच्या गावातला दिगंबर बोंडे हा त्याचा बालमित्र. आई गेली तेव्हापासून दिगंबर तिच्या जात्यावरच्या ओव्या गोठ्यात उभा राहून गायचा, फोनवर टिपायचा आणि लोकांसाठी नेटवर टाकायचा. ना दिव्यांची सोय, ना जाहिरात. मागे म्हशी हंबरायच्या. तरी लोकांनी त्या ओव्या डोक्यावर घेतल्या. लांब देशी गेलेल्या लेकी ऐकून रडायच्या.

निखिलेशला ते सलू लागलं. गिऱ्हाइकांसाठी तो जे रक्त आटवून करायचा, ते इथे आपोआप होत होतं.

एकदा त्याने खरंबोल्याच्या नावाने एक बोचरा शेरा लिहिला. गंमत म्हणून. दिगंबर दुखावला, तेव्हा स्क्रीनवरच्या शेजारच्याच खिडकीतून, स्वतःच्या नावाने, त्याला धीर दिला. दिगंबरने लगेच फोन केला. तुझ्यासारखा तूच रे, म्हणाला.

ते निखिलेशला आवडलं.

मग तो दोन्ही करत राहिला. एका खिडकीतून ओरबाडायचं, दुसरीतून फुंकर घालायची. खरंबोल्या कोण ते शोधून काढतो, असं वचनही त्याने मित्राला देऊन टाकलं.

"काल दिगूने सगळ्या ओव्या काढून टाकल्या," निखिलेश खाली बघत म्हणाला. "आणि मला निरोप धाडला… तू होतास म्हणून इतके दिवस गायलो, असा."

अक्कांनी सूप बाजूला सारलं. पदराला हात पुसले.

"तू काय लिहायचास, आठवतं?"

"शब्द न् शब्द."

"मग म्हण. आधी घरच्या नावाचं."

"'दिगू, काकूंचा गळा तुला आलाय. थांबू नकोस. गात राहा.'"

हे तो सहज म्हणाला. म्हणताना त्याचा आवाज ओलाही झाला. खोटं नव्हतं ते. दिगूच्या आईच्या, या काकूंच्याच हातची भाकर खाऊन तो मोठा झाला होता.

"आता चौथ्याचं."

…

"अक्का, ते तोंडाने नाही म्हणता येणार."

"बोटांनी आलं ना?"

निखिलेशने नदीकडे पाहिलं. पलीकडे कोणीतरी बैल धूत होतं. अक्कांनी घाई केली नाही आणि सुटकाही केली नाही.

शेवटी तो म्हणाला.

"'आईला जाळलं तेव्हाच ओव्याही जाळायच्या होत्या.'"

आपलाच आवाज त्याने ओसरीवर ऐकला. घडीभरापूर्वी काकूंचं नाव घेताना भिजलेला आवाज… तोच.

त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. खांदे हलू लागले. अक्कांनी पाठीवरून हात फिरवला नाही. पाणीही पुढे केलं नाही.

बऱ्याच वेळाने त्याने डोळे पुसले आणि लॅपटॉप पुढे ओढला.

"हे चौथं पुसून टाकतो. आत्ता, तुमच्यासमोर."

"पुसलं की काय होतं?"

"मग तो राहणारच नाही."

"कोण?"

निखिलेशचं बोट अधांतरी राहिलं.

"दिगंबर कुठे भेटेल आता?" अक्कांनी विचारलं.

"गोठ्यात. धारांची वेळ होत आली."

"मग जा."

"खरं कळलं तर तो पुन्हा माझं तोंड बघणार नाही, अक्का."

"नाही बघणार."

…

"आणि ओव्या? परत गाईल?"

"ते त्याचं तो बघेल."

निखिलेश उठला. येताना दंडवत घालायचं त्याच्या ध्यानातही आलं नव्हतं. आता त्याने ओसरीच्या मातीवर कपाळ टेकलं आणि बराच वेळ उचललं नाही.

पायऱ्या उतरून तो फाटकापर्यंत गेला. हात कडीवर ठेवून थांबला.

"अक्का… गेल्यावर पहिलं काय बोलू?"

"नाव सांग."

"नाव? तो मला लहानपणापासून ओळखतो."

अक्का भिंतीचा आधार घेत आत जायला निघाल्या होत्या. त्यांनी मागे वळून पाहिलं.

"तरी सांग."