रिकाम्या बशीचा पेला

जपानच्या उत्तरेला, हिनोतानी नावाच्या खोऱ्यात एक जुनं पाहुणघर आहे. आपल्या कोकणात ज्यांना उन्हाळे म्हणतात, तसे गरम पाण्याचे झरे त्याच्या परसातच आहेत. येणारा पाहुणा आधी कुंडात उतरतो, गळ्यापर्यंत शेकून निघतो, घरचा सुती झगा अंगावर चढवतो आणि मग जेवायला बसतो. जेवण घाईचं नसतं. एकेक पदार्थ येतो आणि प्रत्येकाबरोबर वेगळी साके, म्हणजे भात आंबवून केलेलं मद्य, छोट्या पेल्यातून येते. मीठ लावून निखाऱ्यावर भाजलेल्या नदीच्या माशाबरोबर थंडगार, अळंबीच्या रश्श्याबरोबर कोमट, मुळ्याच्या लोणच्याबरोबर जुनी, पिवळसर झालेली. शेवटचा पेला मात्र ताकासारख्या पांढऱ्या, गढूळ साकेचा असतो आणि त्याच्यासोबत एक रिकामी बशी येते.

पहिल्यांदा आलेल्या माणसाला वाटतं, वाढायचं राहिलं. कुणी बशी हळूच पुढे सरकवतो, कुणी आचाऱ्याची थट्टा करतो. मग कोपऱ्यात बसलेला कोहेई म्हातारबा गुडघ्यांवर सरकत पुढे येतो. उभा जन्म त्यानं इथल्या साकेघरात काढला. आता हात कापतात, म्हणून पाहुण्यांपाशी बसतो. पेला उचलायच्या आधी एवढं ऐकून घ्या, म्हणतो, आणि सांगायला लागतो.

फार वर्षांपूर्वी, म्हणे, या घराचा मालक गेन्बेई होता. झरे त्याचे, साकेघर त्याचं, आणि पोटी एकुलती एक लेक, सायो. स्वयंपाकात तिचा हात धरणारं खोऱ्यात कुणी नव्हतं. तिची जीभ तर अशी, की कुठल्या ओढ्याचं पाणी आहे ते एका घोटात सांगायची. पण साकेघरात मात्र तिनं कधी पाऊल टाकलं नव्हतं. साकेची देवी मत्सरी, असं तिथं मानत. हिवाळ्यात आंबवण लागलं की बाईमाणसानं आत यायचं नाही. आली, तर पिंपं नासतात आणि देवीचा कोप सगळ्यांत आधी मुख्य कारागिरावर कोसळतो. सायोला हे बोलायला लागल्यापासून पाठ होतं. स्वयंपाकघर आणि साकेघर यांच्यामध्ये गुडघाभर उंचीचा उंबरठा होता. अलीकडे ती आणि तिच्या चुली, पलीकडे पुरुष आणि पिंपं.

दर हिवाळ्यात समुद्राकडच्या गावांतून कारागीर यायचे आणि बर्फ वितळलं की परत जायचे. त्यांतला तोकुजी एका वर्षी आला तो राहिलाच. गेन्बेईनं त्याला घरजावई करून घेतलं आणि पुढे मुख्य कारागीर म्हणून साकेघर त्याच्या हवाली केलं. घरजावयाला लोक जे बोलायचं ते तिकडेही बोलतातच. तोकुजी ऐकून घ्यायचा, हसायचा आणि कामाला लागायचा.

रोज सकाळी न्याहारीच्या वेळी तो एक पेला उंबरठ्यावर आणून ठेवायचा आणि विचारायचा, "कशाबरोबर?"

सायो डोळे मिटून घोट घ्यायची. "भाजलेल्या माशाबरोबर. पण थंडच असू द्या हो. ऊन केलीत तर रुसेल."

"तुझ्यासारखी?"

"मी कधी रुसले?"

"परवा. लोणचं संपवलं म्हणून."

पदार्थागणिक वेगळी साके देण्याची इथली रीत या उंबरठ्यावर सुरू झाली, असं सांगतात. लांबलांबचे लोक त्यासाठी खिंड ओलांडून यायला लागले. संसार असा उंबरठ्याच्या दोन बाजूंनी चालला होता आणि दोघंही त्यात सुखी होती.

मग तो हिवाळा आला. एका सकाळी पिंपं ढवळून झाली आणि कारागीर नेहमीप्रमाणे अंग शेकायला उतारावरच्या, धबधब्याजवळच्या खालच्या कुंडावर निघाले. तोकुजी म्हणाला, "तुम्ही व्हा पुढे. मी एवढं शेवटचं पिंप बघून येतो."

आंबवणातून एक जड हवा निघते. दिसत नाही, कळत नाही, पिंपाच्या तोंडाशी नुसती साचून राहते. जाणता कारागीर आधी दिवा खाली सोडून बघतो. दिवा विझला तर तो मागे सरतो. तोकुजीला हे काय ठाऊक नव्हतं? पण त्या दिवशी तो तसाच वाकला.

सायो न्याहारीचं ताट घेऊन आली, तर उंबरठ्यावर पेला नव्हता. तिनं आत पाहिलं. तोकुजी पिंपाच्या काठावर पोटावर पडला होता, डोकं आत, पाय बाहेर लोंबत होते. "अहो!" तिनं हाक मारली. पुन्हा मारली. मग किंचाळली. ताट हातातून पडलं. तिनं एक पाय उंबरठ्यावर ठेवलासुद्धा. कमरपट्ट्याला धरून मागे ओढलं असतं तरी पुरे होतं. पण लहानपणापासून ऐकलेलं सगळं तिच्या अंगात गोठून उभं राहिलं. मी आत गेले तर कोप त्यांच्यावर होईल. आत्ता कदाचित नुसती भोवळ असेल. माझ्या पावलानं जीव जाईल. तिनं पाय मागे घेतला आणि ती बर्फातून अनवाणी खालच्या कुंडाकडे धावली.

धबधब्याच्या आवाजात तिची हाक कुणाला ऐकू येईना. ऐकू आली, तेव्हा उघडे पुरुष बाईमाणूस आलेलं पाहून आधी पाण्यात दडले. त्यांना कळून, ते चढण चढून वर येईपर्यंत सगळं संपलं होतं. अंग तेवढं अजून ऊन होतं.

गेन्बेईनं लेकीच्या डोक्यावर हात ठेवला. "तू नियम पाळलास, पोरी. तुला कुणी बोल लावणार नाही." त्यानं ते मायेनंच म्हटलं होतं.

सायो म्हणाली, "सात पावलं होती, बाबा."

पुढे कितीतरी दिवस साकेघर बंदच होतं. दिवसकार्य उरकलं, त्या दिवशी कारागीर पहिल्यांदा कामाला उभे राहिले आणि सायो उंबरठ्यापाशी आली. तिनं झग्याचा घोळ वर खोचला.

"सायो, थांब!" गेन्बेई ओरडला. "देवी कोपेल!"

"आता कुणावर कोपणार आहे ती, बाबा?"

ती आत गेली. सात पावलं चालायला म्हणे तिला काही वेळच लागला नाही. त्या पिंपाशी ती खाली बसली आणि त्या दिवसापासून रोज येऊन बसू लागली. लोकांना वाटलं, नवऱ्याची आठवण काढत बसते. ती वाट बघत होती. साके नासावी म्हणून तिनं देवीला नवस केला होता. नासली, तर नियम खरा. मग आपण दारात थांबलो ते त्यांचा जीव वाचवायलाच, असं तिला उरलेला जन्म स्वतःला सांगता आलं असतं. म्हणून तिनं प्रत्येक पिंपाला हात लावला, आंबवण ढवळलं, आतच जेवली, आतच झोपली.

एकही पिंप नासलं नाही.

शेवटी तिनं तोकुजीच्या पिंपातून एक पेला भरून घेतला, न गाळलेला, तसाच पांढरा, आणि चाखला. त्याच्या हातून आजवर उतरली नव्हती इतकी सुरेख साके त्यात होती. तेव्हा ती रडली. तोवर तिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. आता ती आवरेचना. गेन्बेई दारात येऊन उभा राहिला. जावई रोज जे विचारायचा, तेवढंच त्याच्या तोंडून निघालं.

"कशाबरोबर, सायो?"

"कशाबरोबरच नाही, बाबा."

दुसऱ्या दिवशी गेन्बेईनं करवत घेतली आणि तो उंबरठा स्वतः कापून काढला. कारागिरांनी हात पुढे केले, पण त्यानं कुणाला जवळ येऊ दिलं नाही. सायो म्हातारी होईपर्यंत त्या साकेघराची मुख्य कारागीर होती. तिनं दुसरं लग्न केलं नाही.

एवढं सांगून कोहेई म्हातारबा पुन्हा आपल्या कोपऱ्यात सरकतो. पाहुणे पेला उचलतात. त्या वेळी कुणी कुणाचं भलं चिंतत नाही, पेल्याला पेला लावत नाही.

आजही हिवाळ्यात साकेघरात कुणी पिंपावर वाकलं, की स्वयंपाकघरातली बाई दारातून त्याला नावानं हाक मारते आणि त्यानं हातातलं काम टाकून ओ द्यायची असते. दिवसातून पन्नासदा हे चालतं, आणि नवखे कारागीर वैतागतात. ओ आली नाही, तर ती कुणाला बोलवायला जात नाही. सरळ आत जाते.