माईंच्या दुर्बिणीतले शनी आणि शुक्र

"म्हणजे नकारच कळवू ना, माई?"

वामनशास्त्र्यांनी तिसऱ्यांदा विचारलं. माई आपल्या हातानं बनवलेल्या दुर्बिणीचे स्क्रू आवळत बसल्या होत्या.

गोदाकाठच्या या मठीतच शास्त्रीबुवा लहानपणी माईंपाशी शिकले. आता पंचक्रोशीत त्यांना विचारल्याशिवाय कुणी मांडव घालत नसे. तरी त्यांच्या घरातला शेवटचा शब्द अजून माईंचाच.

"नकार कशापायी?"

"मुलाला साडेसाती आहे! आमची वेणू शिकवते, त्याच शाळेत शिक्षक आहे म्हणे. पोर त्याच्यासाठी हट्टाला पेटलीय, दोन दिवस अन्नाला शिवली नाही. पण बाप म्हणून मी तिला शनीच्या तोंडी कसा देऊ?"

सूर्य नुकता बुडाला होता. माईंनी दुर्बीण वळवली.

"बघ."

कुठला ग्रह किती अंशांवर, हे शास्त्रीबुवा झोपेतून उठवलं तरी सांगत. मान वर करून मात्र त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. वेळ कुठे होता!

त्यांनी एक डोळा मिटला...

"अगं आई गं!"

उपरणं खांद्यावरून घसरलं, त्याचंही भान राहिलं नाही. इवलासा सोनेरी गोळा, आणि त्याच्याभोवती कडं! अधांतरी!

"शुक्र! माई, हा शुक्रच! इतकं देखणं दुसरं कोण असणार?"

"शनी आहे तो."

शास्त्रीबुवा विंचू चावल्यासारखे मागे सरले. मग पुन्हा डोळा लावला. मग पुन्हा.

"हा... शनी?"

"हो. इतका हलका की मावेल एवढं तळं मिळालं, तर पाण्यावर तरंगेल."

"तरंगेल! आणि आम्ही जन्मभर त्याच्या भारानं वाकलो!" शास्त्रीबुवा लहान मुलासारखे हसत सुटले.

माईंनी दुर्बीण पश्चिमेला फिरवली. आता दिसली नुसती पांढरी कोर. ना डाग, ना कडं.

"हा कोण बापडा?"

"तुझा शुक्र. वरून तेजाबाचे ढग, खाली शिसं वितळेल असा फुफाटा."

"काय सांगता! लग्नाचे मुहूर्त आम्ही याच्या तोंडाकडे बघून काढतो!"

"तोंडाकडे आज बघितलंस."

शास्त्रीबुवा ओशाळले. पण आनंद पोटात मावेना. ते अंगणभर फेऱ्या मारू लागले. केवढा घोर टळला होता! पोर आज जेवेल, घरात पुन्हा हसू येईल.

"ठरलं, माई! आत्ता घरी जातो नि वेणूला सांगतो. उद्या सकाळीच होकार! ज्याच्या राशीला असला देखणा शनी, तो मुलगा हिराच असणार! पत्रिकेत साडेसाती आहे ना? मग आता डोळे मिटून लग्न लावतो!"

माईंचे हात थांबले...

त्यांनी दुर्बिणीच्या तोंडावर झाकण बसवलं. उपरणं उचललं, झटकलं नि शास्त्र्यांच्या खांद्यावर नीट घातलं.

"वामन..."

"आज्ञा, माई!"

"शनी पाहिलास, शुक्र पाहिलास. मुलगा कधी पाहणार?"