अनारशाचं पीठ

फार पूर्वी डोंगरापलीकडच्या एका गावात घोंगड्या विणणारा एक विणकर राहायचा. हात कसबी, स्वभाव मायाळू, पण एक खोड होती. दरवर्षी दिवाळीच्या पाडव्याला तो डोंगर ओलांडून आत्याकडे जायचा आणि "आजवर एक खाडा नाही" असं येईल-जाईल त्याला ऐकवायचा. गावाला ते पाठ झालं होतं.

आई गेल्यावर आत्यानंच त्याला लहानाचं मोठं केलं होतं. आता ती थकली होती, छाती अधू झाली होती. मागच्या थंडीत साध्या पडशानं तिला अंथरुणाला खिळवलं, तेव्हा वैद्यानं बजावलं होतं, "पुन्हा पडसं होऊ देऊ नका. आता झेपायचं नाही." म्हणून यंदा विणकरानं तिच्यासाठी जाड, ऊबदार घोंगडी विणली.

पाडव्याच्या आदल्या दिवशी मात्र त्याचंच नाक वाहायला लागलं. अंग कसकसत होतं. बायको म्हणाली, "अहो, आठ दिवसांनी जा. आत्याबाई काही रुसायच्या नाहीत."

"पाडवा आठ दिवसांनी येतो का?" विणकर म्हणाला. "आजवर एक खाडा नाही."

आणि सकाळी तो निघाला.

आत्या दारातच बसली होती. त्याला बघून तिचा चेहरा फुलला. मग तिनं निरखून पाहिलं. "डोळे लाल दिसतात रे. बरा आहेस ना?"

खरं सांगितलं तर ओसरीवरूनच परत फिरावं लागेल, हे त्याला कळत होतं. तो म्हणाला, "वाटेत धूळ फार होती."

आत्यानं विश्वास ठेवला. स्वतः वाढवलेल्या पोरावर कोण ठेवणार नाही? तिनं अनारसे तळले, आणि त्याच्या लहानपणापासूनच्या रीतीप्रमाणे दोघं एका ताटात जेवली.

"पीठ जास्तच केलंय," जेवताना आत्या म्हणाली. "बरणीत महिनाभर काही होत नाही त्याला. म्हटलं, तुला पाडव्याला नाही जमलं, तर येशील तेव्हा तळून देईन."

विणकराच्या मनाला ते टोचलं. निघताना त्यानं नवी घोंगडी तिच्या खांद्यांवर घातली. "आता थंडी बाधायची नाही," असं म्हणाला आणि धुळीच्या नावानं पुन्हा शिंकला.

घरी येऊन तो बरा झाला. माग सुरू झाला, यंदाही खाडा पडला नाही हे गावभर सांगून झालं. तेवढ्यात डोंगरापलीकडून निरोप आला की आत्या तापानं फणफणली आहे, तिला धाप लागली आहे. तो तसाच धावत सुटला. पोचला तेव्हा अंगणात माणसं जमली होती. आत्या गेली होती.

आत्याची शेजारीण त्याच्याजवळ आली. "तापात सारखी तुझंच विचारत होती. म्हणायची, पोराच्या डोळ्यांत धूळ गेली होती, बरे झाले असतील ना डोळे?"

शेजारणीनं घरातून बरणी आणून त्याच्यापुढे ठेवली. "तुझ्यासाठी ठेवलेलं पीठ. घेऊन जा."

त्यानं झाकण काढलं. गुळाचा गोड वास आला. पीठ अजून छान होतं. आठ दिवस थांबलो असतो तर याचे अनारसे आत्याच्या हातचे खाल्ले असते, एवढंच त्याला सुचत राहिलं, आणि तो लहान पोरासारखा रडला.

पुढच्या पाडव्याला तो डोंगर चढला नाही. जाणार कुणाकडे? पण सणासुदीला कुणी शिंकत-खोकत गावाला निघालेलं दिसलं, की तो माग सोडून रस्त्यावर यायचा आणि हात जोडून म्हणायचा, "बाबा रे, बरा होऊन जा. तुझी माणसं वाट बघतील."

तात्पर्य: भेटीचा दिवस पुढे ढकलता येतो. आजार लपवून मायेच्या माणसांकडे जाऊ नये. ती आपल्यावर विश्वास ठेवतात.