राजाच्या काहिलीखालचा जाळ

मार्गशीर्ष महिना, आणि राजाला घाम फुटला.

कातळगडचा राजा उग्रसेन कपाळ पुसत म्हणाला, "ह्या दिवसांत मी शाल पांघरून बसायचो. यंदा पंखा ढाळायला माणूस लागतोय. असं का?"

दरबारात दोन पंडित होते. त्रिविक्रमशास्त्री म्हणाले, "महाराज, हा पायाखालचा काळा कातळ फार पूर्वी आगीचा रस होता. पिठल्यासारखा रटरटत वाहायचा. तापणं हा पृथ्वीचा स्वभावच आहे."

"छे, छे. आधी समुद्र होता," गोपाळभट म्हणाले. "विहिरीत शंखाचा दगड निघाला, तो काय कुणाच्या कनवटीतून पडला?"

आधी आग की आधी पाणी, हा वाद वर्षभर चालला होता. एका गोष्टीवर मात्र दोघांचं जमायचं. हवा आपली आपण बदलते, महाराजांच्या भट्ट्यांचा त्यात काही दोष नाही.

भट्ट्या होत्या चुन्याच्या. राजाला ढगाला टेकणारा मनोरा बांधायचा होता. मनोऱ्याला चुना, चुन्याला भट्टी, भट्टीला लाकूड. असं करता करता तीन डोंगर बोडके झाले. उरली होती बोरवाडीच्या माथ्यावरची एक राई, आणि राईच्या पोटाशी गावाचा एकुलता झरा. आता राईवरही कुऱ्हाड पडणार होती.

बोरवाडीची धुरपा तेव्हा राजवाड्यातच कामाला होती. गुऱ्हाळात चुलाणाला जाळ घालावा तर धुरपानंच. राजाचे गुडघे आखडले होते, वैद्यानं निरगुडीच्या कोमट काढ्यात रोज बसायला सांगितलं. राजा मावेल एवढं भांडं कुठून आणायचं? शेवटी गूळ कढवायची तांब्याची काहील आणली, खाली चुलाण खणलं आणि जाळ घालायला धुरपाला बोलावलं.

त्या सकाळी ती दरबारात हात जोडून पुढं आली. "महाराज, मी जाळातली बाई. डोंगर झाकलेला हुता तवर आमच्या झऱ्याला वैशाखात पाणी असायचं. आता पौषातच गाळ दिसतो. ही धग आभाळाची न्हाई, भट्ट्यांची हाय. राई तेवढी राखा."

राजा हट्टी. म्हणाला, "कातळ वितळला तेव्हा कुणाच्या हातात कुऱ्हाड होती?"

"कुणाच्याच न्हवती, महाराज."

"मग झालं तर."

धुरपा जागची हलली नाही. राजाला गंमत वाटली. "बरं. दुपारचा नगारा व्हायच्या आत माझ्या अंगाला पटवून दे. तोंडानं नको, तोंडाळ माणसं माझ्याकडे दोन आहेत. नाही पटलं तर नगाऱ्याबरोबर राईवर पहिला घाव."

वाड्यातले धट्टेकट्टे गडी कुऱ्हाडी घेऊन बोरवाडीला निघाले. राजाला उचलून काहिलीत बसवणारे चौघंही त्याला बसवून त्यांच्यामागोमाग गेले. राहिले काहिलीत राजा, शेजारी पाटांवर दोन पंडित, आणि खाली खड्ड्यात चुलाणापाशी धुरपा.

"धुरपा, गारच आहे गं. घाल एखादं लाकूड."

धुरपानं घातलं. वर आगीचा आणि पाण्याचा वाद रंगला. धुरपानं दुसरं घातलं. तिसरं घातलं.

"पुरे आता," राजा म्हणाला.

चौथं आत गेलं.

"अगं, पुरे म्हटलं ना! पाणी फार तापतंय!"

"व्हय जी. तापणं हा पाण्याचा सोभावच हाय," खालून आवाज आला. "डोंगरापल्याड गरम पाण्याचं कुंड हाय. तिथं कोण बसलंय जाळ घालायला?"

"कुंडाचं राहू दे! इथं तू घालतेयस!"

"तसं कसं म्हणावं, महाराज? आधी पंडितांचं ठरू द्या की."

त्रिविक्रमशास्त्र्यांनी बोट वर केलं. "प्रश्न मोठा नामी आहे. उष्णता ही मुळात..."

"शास्त्री, मला बाहेर काढा!"

दोघांनी एकेक दंड धरून ओढलं. राजाचा देह म्हणजे धान्याची कणगी, तो कसला हलतोय! गोपाळभट धापा टाकत म्हणाले, "महाराज, धीर धरावा. एवढा कातळ पेटला होता, तोही निवलाच की. हेही निवेल आपलं आपण."

"अरे, निवेल! पण मी आत बसलोय ना!"

तेव्हा धुरपा खड्ड्यातून वर आली. एका हातात लाकूड, दुसऱ्या हातात निखारे ओढायची आकडी. नगारजी नगारखान्याचा जिना चढत होता, त्याच्या वहाणा तिला ऐकू येत होत्या. तरी ती सावकाश बोलली.

"मी दुसरं काय म्हणत हुते, महाराज? कातळ वाहत हुता तवा त्यात कुणी बसलेलं न्हवतं. निवायला त्याला युगं लागली, कुणाचं काय गेलं? आता आपण समदी आत बसलोय, आन् लाकूड आपल्याच हातात हाय. सांगा, लाकूड घालू का जाळ ओढू?"

राजानं तिच्या हातातल्या लाकडाकडं पाहिलं. मग आपल्या लालबुंद पोटाकडं.

"ओढ, बाई, ओढ! आणि त्या नगारजीला खाली बोलवा आधी!"

गोपाळभट जिन्याकडं धावले. धुरपानं फराफरा निखारे ओढले. राजाला आधी ठसका लागला, मग हसू फुटलं. तो असा गदगदून हसला की काहिलीतलं पाणी हिंदकळून चुलाणात गेलं आणि उरलासुरला जाळही चर्रकन विझला.

"पटलं गं धुरपा. अंगाला पटलं, अगदी फोड यायच्या बेतानं पटलं. भट्ट्या आजपासून बंद, मनोरा आहे तेवढाच बरा. बोरवाडीची राई तुझ्या गावाला दिली. ह्याच काहिलीचा तुकडा कापून ताम्रपट करा."

"आन् तुमचं गुडघं, महाराज?"

"दुसरी काहील आणू. पण ही कापण्याआधी एक काम आहे." राजा पंडितांकडं वळला. "तुमचा वाद अर्धा राहिला. चला, आत बसा दोघं. आग आधी की पाणी आधी, ठरेपर्यंत धुरपा जाळ घालील."

धुरपानं नुसतं लाकूड उचललं.

"आग आधी," गोपाळभट म्हणाले.

"नव्हे, नव्हे, पाणीच आधी," त्रिविक्रमशास्त्री म्हणाले. "तुमचंच खरं, भटजी!"

राजा पुन्हा हसायला लागला, आणि नगारा वाजेना म्हणून ते चौघं गडी राईला हात न लावता परत येऊन त्याला उचलेपर्यंत हसतच होता.