चुलीचा तिसरा दगड

एका राज्यात हिवाळा येई तो पाहुण्यासारखा, चार दिवस राहून जाई. एका वर्षी तो जरा जास्त राहिला. पुढल्या वर्षी त्याहून जास्त. आणि अखेर अखेर तर बुवा घरजावईच होऊन बसले, हलायचं नाव घेईनात. वेशीवरचं देऊळ बर्फात बुडालं तेव्हा पुजारी कळसाशी भोक पाडून, दोराने आत उतरू लागला. माणसांच्या सावल्या अंगणात गोठून पडत. बायका संध्याकाळी त्या खुरप्याने खरवडून काढत, नाहीतर सकाळी कुणीतरी अडखळून पडे. खोटं वाटत असेल तर राहू द्या. पुढचं याहून खरं आहे.

या राज्याचा राजा माणिकसेन. त्याचा उजवा हात सदा अंगरख्याच्या आत, छातीशी. मुजरा घेई तो डाव्या हाताने, जेवे तोही डाव्याच. दरबाऱ्यांना ती राजेशाही ऐट वाटली. तेही डाव्या हाताने जेवू लागले आणि सगळ्यांच्या मिशा आमटीत भिजू लागल्या.

त्या हाताखाली एक दगड होता. नारळाएवढा, काळा, आणि कधी न निवणारा.

त्याचं असं झालं होतं. राणी कुमुदवती बाळंतपणानंतर हीव भरून पडली. रजया झाल्या, शेगड्या झाल्या, हीव जाईना. राजाने ऐकलं होतं की उत्तरेच्या डोंगरमाथ्यावर एक दगड आहे, तो सदा उबदार असतो. राजा गेला, दगड उचलला, दौडत आला आणि राणीच्या हातात दिला. राणीने तो एक रात्र उराशी धरला. उजाडता ती गेली. तिच्या हातून राजाने दगड घेतला तेव्हा तो तिच्या तळव्याइतका ऊन होता, ना कमी ना जास्त. त्या दिवसापासून राजाने तो खाली ठेवला नाही. राणीसाठी तो रडलाही नाही. रडायचं कशाला? ती होती ना, छातीशी.

पाळण्यातली पोर मोठी झाली. तिचं नाव इंदुलेखा. बापाने तिला हत्ती दिले, मोती दिले, सगळं डाव्या हाताने.

एके दिवशी भर दरबारात एक साळुंकी आली, राजदंडावर बसली आणि माणसासारखी बोलली. "राजा, डोंगरावरच्या यक्षिणीची चूल तीन दगडांची. त्या चुलीवर ती ऊन शिजवते. तिसरा दगड तुझ्या छातीशी आहे. दोन दगडांवर भांडं बसत नाही."

राजा म्हणाला, "मग?"

"मग काय? ज्याने उचलला त्याने ठेवावा. बरोबर रक्ताचं एक माणूस असावं. सूर्य उगवल्यावर निघावं, मावळायच्या आत परतावं."

सगळा दरबार राजाकडे पाहू लागला. इतक्या भिजलेल्या मिशा एकदम आपल्याकडे वळल्यावर राजा तरी काय करणार? म्हणाला, "ठेवतो."

पण मनात निराळंच होतं. निघायच्या दिवशी पहाटे राजा स्वतः मुदपाकखान्यात शिरला. तिथला एक काळा दगड त्याने निखाऱ्यात तापवला, फडक्यात बांधला आणि झोळीत घालून लेकीच्या खांद्याला दिला. खरा दगड छातीशीच राहिला. छाती फुगलेली दिसू नये म्हणून वर दोन घोंगड्या गुंडाळल्या. बेत सरळ होता: माथ्यावर खोटा ठेवायचा, खरा घेऊन परत यायचं. यक्षीण म्हातारी झाली असेल, तिला काय कळतंय! एका दिवसापुरता तरी तो घरी ठेवता आला नसता का, असं तुम्ही विचाराल. नसता आला.

सूर्य उगवला तसे दोघं निघाले. साळुंकी राजाच्या पागोट्यात शिरून बसली. वर पांढरं, खाली पांढरं, मध्ये ही दोन माणसं.

"आबा," इंदुलेखा म्हणाली, "आपण असे कधी चाललो नव्हतो."

"राज्याची कामं असतात, लेकी."

"हो ना. आमचं काय, आम्ही बिनकामाच्या."

राजा हसला. पोर हजरजबाबी आहे हे त्याला त्या दिवशी कळलं.

चालता चालता पहिला अडथळा आला. वाटेत बर्फाची शिळा, आणि शिळेत एक मांत्रिक हनुवटीपर्यंत गोठलेला. नुसतं तोंड बाहेर, तोंडात चिलीम.

"कोण जातं?"

"राजा आणि राजकन्या."

"माझी चिलीम पेटवा, वाट देतो. त्या दगडाने पेटली पाहिजे. दुसरा विस्तव मला चालत नाही."

इंदुलेखाने झोळीला हात घातला. राजा घाईने म्हणाला, "लेकी, ते बघ, तिकडे, केवढं घुबड!"

इंदुलेखाने मान वळवली. राजाने मांत्रिकावर ओणवं होऊन घोंगडीची कड उचलली, छातीचा दगड चिलमीला टेकवला. चिलीम भसकन पेटली. मांत्रिकाने झुरका घेतला आणि शिळा दुभंगून वाट झाली.

"घुबड दिसलं नाही, आबा."

"उडालं असेल."

पागोट्यातून साळुंकी पुटपुटली, "राजा, नवल आहे. दगड झोळीत, आणि ऊब मात्र मला खालून येते."

"गप बस."

दुपार झाली. दुसरा अडथळा आला. दोन कड्यांच्या मधोमध बर्फाचं दार, त्याला ना कडी ना कोयंडा. दार स्वतःच बोललं, "दगड लावा, मी वितळेन."

राजा म्हणाला, "लेकी, दमलो गं. जरा टेकतो." आणि दाराला छाती लावून उभा राहिला. दार पाझरू लागलं. राजाच्या आकाराचं भगदाड पडलं आणि राजा त्यातून पलीकडे आपटला. इंदुलेखा एवढी हसली, एवढी हसली, की तिला खोकला आला. हसणं थांबलं तरी खोकला थांबेना. ती मटकन खाली बसली.

"काय झालं?"

"काही नाही. चला, आबा. दिवस थोडा उरला."

ती उठली. पण आता ती मागे पडू लागली. राजा चार पावलं गेला की थांबे, ती येई, मग दोघं पुढे जात. राजाला वाटलं, महालात वाढलेली पोर, सवय नाही.

माथा दिसू लागला आणि तिसरा अडथळा आला. डोंगराची धार, सुरीच्या पात्यासारखी. दोन्ही अंगांना दरी, खाली ढग. साळुंकी म्हणाली, "बर्फ पडल्यापासून इथून एकट्याने कुणी गेलेलं नाही. हात धरून जा. त्याने उजवा, तिने डावा."

"उजवाच का?"

"मी का धार बांधली? नियम आहे."

राजाने उजवा हात बाहेर काढला. कितीतरी वर्षांनी त्या हाताला वारा लागला. तो त्याने मागे केला, आणि लेकीने आपला हात त्यात ठेवला.

राजा दचकला. बर्फ परवडला असता. हात नव्हे, विहिरीच्या तळचा धोंडा. त्याने तिची बाही वर सारली. बोटं पांढरी, मनगट पांढरं, कोपरापर्यंत पांढरं, आणि ते पांढरं दंडाकडे सरकत होतं.

"कधीपासून?"

"लहान होते तेव्हा करंगळी. मग एकेक."

"मला सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही राजवैद्य पाठवला असता, आबा. तुम्ही आला नसता."

राजाने घोंगड्या फेकल्या, अंगरख्यातून दगड काढला. लबाडी उघडी पडली याचंही त्याला भान नव्हतं. "हा धर. हा घट्ट धर. खरा आहे हा."

"ठाऊक आहे. झोळीतल्याला लसणाचा वास येतो." ती हसली. "आपल्या स्वयंपाक्याचा ठेचायचा दगड आहे तो. सकाळीच ओळखला मी."

"मग आलीस कशाला?"

"तुमच्याबरोबर दिवसभर चालायला मिळत होतं. ते का सोडू?"

राजाने दगड तिच्या दोन्ही तळव्यांत ठेवला. दगड ऊन झाला, आणखी ऊन झाला, निखाऱ्यासारखा फुलला. आणि पांढरेपणा तिच्या खांद्यावर चढला, गळ्याशी आला. तिच्या ओठांवरचा श्वास बारीक झाला. तेव्हा राजाला उमगलं. दगड ऊब देत नव्हता. दगड ऊब पीत होता. इतकी वर्षं जी ऊब कुमुदवतीची म्हणून त्याने उराशी धरली, ती या पोरीची होती.

त्याने दगड हिसकून झोळीत टाकला आणि झोळी आपल्या गळ्यात अडकवली. मग लेकीला पाठीवर घेतलं, तिचा हात उजव्या हातात धरला, आणि त्या धारेवरून चालत गेला. पाय घसरला तिथे गुडघ्यांवर गेला.

माथ्यावर एक म्हातारी यक्षीण बसली होती. पुढे दोन दगडांची चूल, त्यावर कललेलं एक भलंमोठं तांब्याचं पातेलं, आणि ते सांडू नये म्हणून यक्षिणीने एका बाजूने आपला गुडघा लावलेला. गुडघा भाजून काळा पडला होता.

"आलास?" ती म्हणाली. "ठेव."

राजाने दगड हातात घेतला. तो राणीच्या तळव्याइतका ऊन होता. राजा थांबला. किती थांबला, कुणास ठाऊक. पाठीवरच्या पोरीचा श्वास मानेला लागत होता, मधूनच लागत नव्हता.

"माय," त्याने विचारलं, "यात तिची ऊब कधीच नव्हती?"

"होती. एक रात्र. मग शेतांची, मग घरांची, मग हिची."

"म्हणजे तिला मीच..."

"ती जाणारच होती, राजा. तिच्या हातात तू आपला हात द्यायचा होतास. दगड दिलास."

राजाने वाकून दगड जागेवर ठेवला. यक्षिणीने गुडघा काढून घेतला. पातेलं तीन दगडांवर सरळ बसलं. जाळ लागला, पातेल्यात उकळी फुटली, आणि पिवळं धमक ऊन काठावरून उतू जाऊन डोंगराच्या चारी अंगांनी खाली ओघळू लागलं.

राजाने लेकीला चुलीजवळ टेकवलं. गळा गुलाबी झाला, मग खांदा, मग कोपर. करंगळी तेवढी पांढरीच राहिली, जन्मभर राहिली. तिने डोळे उघडले तेव्हा बाप चुलीकडे पाठ करून बर्फात बसला होता आणि रडत होता. राणी जाऊन इतकी वर्षं झाली; राजाच्या हिशेबी ती त्या घटकेला गेली होती. इंदुलेखा त्याच्याजवळ जाऊन बसली. तिला आई आठवतच नव्हती. त्यामुळे ती बापासाठी रडली.

"उठा," यक्षीण म्हणाली. "सूर्य कलला."

उतरताना वाट ओली होती. ओढे बोलू लागले होते. मांत्रिक शिळेतून सुटून, अंगावरचा बर्फ झटकत, चिलीम ओढत आपल्या गावाला निघून गेला होता. खाली शेतं काळी दिसू लागली, देवळाचा कळस मोकळा झाला. लोक अंगणात येऊन उन्हाला हात लावून पाहत होते. राजा पुढे कसा वागला म्हणाल, तर नीट वागला. कोठारं उघडली, बी वाटलं, आणि नदीकाठी राणीचं राहिलेलं क्रियाकर्म केलं. पण ते नंतरचं. तेव्हा ती दोघं अजून डोंगरावर होती.

"आबा, आई कशी होती?"

राजा बोलू लागला. राणीला भात कधी जमला नाही. भात करपला की ती दासीला रागवायची, आणि दासी तिला. ती जिने उतरताना शेवटच्या दोन पायऱ्या उडी मारायची, राणी झाली तरी. हत्तीला घाबरायची. इंदुलेखा विचारत गेली, राजा सांगत गेला. सांगता सांगता डोंगर सरला.

"आणि आवाज? आवाज कसा होता तिचा?"

राजा थांबला. त्याने डोळे मिटले. उन्हात उभा राहून पुष्कळ वेळ कान दिला.

"नाही गं आठवत," तो म्हणाला.

इंदुलेखाने त्याचा हात धरला, आणि सूर्य मावळायच्या आत दोघं वेशीत शिरले.

त्या राज्यात पुन्हा हिवाळा चार दिवसांचा झाला. ऐकणाऱ्यांच्या घरी ऊन येवो, आणि सांगणाऱ्याला कुणी घोटभर गरम पाणी देवो.