शंभराच्या आतली खार

माणसांनी कायदे चोरले, त्याच्या आधीची गोष्ट. वर्षाला शंभरावर शेंगा मिळवणाऱ्याने सिंहाला हिशेब द्यायचा, असा रानात दंडक होता. वेशीवरचा मुंगूस मात्र सगळ्यांच्याच दहातली एक शेंग सिंहाच्या नावाने कापून ठेवी.

चिंगी खारीची कमाई नव्वद. तिने विचारलं, "कावळेभाऊ, मी देऊ का हो हिशेब?"

"शंभराच्या आतली तू! तुला कोण विचारतंय, भवाने? झोप गुमान."

आळसाला सल्ला मिळाला की तुम्हीआम्हीही झोपतो, खारही झोपली. थंडीत ढोली रिकामी झाली, पिल्लं भुकेने रडू लागली, तेव्हा ती कापलेल्या शेंगा मागायला धावली.

"तुझ्याच होत्या गं बाई," मुंगूस हळहळला, "पण हिशेब देणाऱ्यालाच परत मिळतात. मुदत काल संपली."

दोघांच्या मधोमध नऊ शेंगा पडल्या होत्या. हात लावायची मुभा दोघांनाही नव्हती.